मदत हवी आहे: आजेसासऱ्यांचा फ्रीमेसन एप्रन आणि पदक, दोन्हींचा मेळ बसत नाही

वाईचं जुनं घर रिकामं करतोय. माळ्यावरच्या ट्रंकेत, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली, आजेसासऱ्यांची एक चपटी चामडी पेटी निघाली. आत कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा एप्रन. कड आकाशी रेशमाची, वरची झडप त्रिकोणी, तीन निळी फुलं आणि दोन्ही बाजूंना रुपेरी साखळ्यांचे झुपके, सात-सात साखळ्यांचे. उचलला की पैंजणासारखे वाजतात. पट्ट्याची आकडी नागाच्या आकाराची. ती बघितल्यापासून सासूबाईंचा धोशा चाललाय, "करणीचं सामान आहे, कृष्णेत सोडून ये."

करणीबिरणी नाही, एवढं कळतं. आजोबा नोकरीला मुंबईत असताना फ्रीमेसन होते, म्हणजे त्या नावाच्या एका जुन्या बंधुमंडळाचे सभासद. घरात माहीत होतं, पण विषय कोणी काढत नसे. मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांनी 1843 साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची शाखा, काढली ती भारतीयांना प्रवेश देण्यासाठीच, हेही वाचलं. मंडळी पाथरवटांचा वारसा सांगतात, म्हणून एप्रन. नवख्याचा कोरा पांढरा, दुसऱ्या पायरीला दोन फुलं, तिसऱ्या पायरीला 'मास्टर मेसन', म्हणजे पूर्ण सभासद, झाला की तीन फुलं आणि निळी कड. पदांच्या खुणा तर थेट गवंड्याच्या पिशवीतल्या! लॉजच्या मास्टरचा, म्हणजे प्रमुखाचा, गुण्या, त्याच्या हाताखालच्या सीनियर वॉर्डनची पाणसळ, ज्युनियर वॉर्डनचा ओळंबा.

घोळ पुढे आहे. पेटीत एक पदकही आहे. वर गुण्या, त्याखाली लोंबती चौकोनी पट्टी, पट्टीवर एकमेकांना चिकटलेले तीन चौकोन कोरलेले. मला वाटलं घराचा नकाशा. दहावीतली लेक म्हणाली, "आई, पायथागोरस आहे हा!"

1) एप्रन साध्या सभासदाचा, मग मास्टरचा गुण्या असलेलं पदक कसं?
2) इथले सोनार म्हणाले जर्मन सिल्व्हर आहे, मोडीत टाका. मागे जहाजाचा नांगर, सिंह आणि एक अक्षर असे बारीक ठसे आहेत. टाकू का?
3) रिठ्याच्या पाण्यात धुतलं तर चालेल?

प्रतिसाद

ताई, मोडीत अजिबात टाकू नका. सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी, नांगर ही बर्मिंगहॅमला चांदी तपासल्याची खूण. अक्षरावरून साल काढता येतं, फोटो टाका.

गुण्याखाली पायथागोरस हे इंग्लिश पद्धतीत 'पास्ट मास्टर'चं, म्हणजे लॉजची खुर्ची भूषवून उतरलेल्या माणसाचं पदक. स्कॉटिश लॉजमधलं वेगळं दिसतं, तिथल्या एप्रनची झडपही गोल असते. तुमची शंका रास्त आहे. लॉजचा मास्टर झाला की एप्रनवरची फुलं जाऊन उलट्या टीच्या आकाराच्या रुपेरी पट्ट्या येतात. तेव्हा एकतर आजोबांचा नंतरचा एप्रन हरवलाय, नाहीतर पदक दुसऱ्याचं आहे. पदकाच्या मागे नाव किंवा लॉजचा नंबर कोरलेला असतो, तो बघा.

पाणी लावू नका. खाचांतला काळेपणा आहे म्हणून कोरीव अक्षरं वाचता येतात. एप्रनची घडी मोडून आडवा ठेवा, वर धुतलेली मलमल. डांबरगोळी कातड्याला टेकू देऊ नका.

धागाकर्ती

खूप आभार. बॅटरी तिरकी धरून पाहिलं. नंबर झिजलाय, पण तीन आद्याक्षरं स्पष्ट आहेत आणि त्यातलं एकही आजोबांचं नाही. वाचून दाखवली तर सासूबाईच म्हणाल्या, "हे तर त्यांचे पारशी साहेब. दर नाताळात केकचा डबा यायचा त्यांच्याकडून, मग एका वर्षी आला नाही."

आता साहेबांचं पदक आजोबांच्या पेटीत कसं, ते शोधायचंय. मुंबईच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये जुन्या सभासदांच्या नोंदी बाहेरच्यांना बघू देतात का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.