टॅसिटर्न म्हणजे घुम्या की अबोल? (रिकाम्या जागा भरताना अडलेले शब्द)

भाची जीआरईची (परदेशात पुढं शिकायला जायचं तर द्यायची इंग्रजी-गणिताची परीक्षा) तयारी करतीय. दर रविवारी आमच्याकडे सोलापुरात सात रस्त्याला येते आणि आम्ही दोघं रिकाम्या जागांचे प्रश्न सोडवत बसतो. तिच्याकडे बुटाच्या खोक्यात कार्डं आहेत, पुढं शब्द मागं अर्थ, धडाधड सांगते. तरी परवा दहातली सहा वाक्यं चुकली आणि रडकुंडीला आली, "मामा, अर्थ सगळे पाठ हायत हो, तरी चुकायलंय."

एक वाक्य साधारण असं होतं: एरवी लॅकॉनिक असलेले प्राध्यापक निरोपसमारंभात मात्र इतके ____ झाले की आभारप्रदर्शन घाईघाईत उरकावं लागलं. पर्याय टॅसिटर्न, रेटिसेंट, गॅर्युलस, सॅन्ग्विन, फ्रूगल. बरोबर उत्तर गॅर्युलस, म्हणजे खूप बोलणारा. तिनं टॅसिटर्न मारलं. का, तर लॅकॉनिक आणि टॅसिटर्न तिच्या कार्डांवर शेजारीशेजारी आहेत, दोन्हीकडं अर्थ एकच लिहिलाय, "कमी बोलणारा". म्हणजे अर्थ माहीत होता म्हणूनच चुकली!

मग मी पर्यायांवर हात ठेवला आणि तिला एक साधं वाक्य दिलं. एरवी दिवसभर खडखडणारे माग लाईट गेली की ____. लगेच म्हणाली, गप्प. बघा, पर्याय नकोतच. "एरवी" आलं की पुढं उलटं काहीतरी येणार हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजी वाक्यातही आधी तो एरवी, मात्र, उलट, कारण शोधायचा, जागेत आपला मराठी शब्द टाकायचा आणि मगच पर्याय उघडायचे. आमच्या वेळी, २००८ साली, विरुद्धार्थी शब्दांचे सरळ प्रश्न असायचे, त्यात नुसती यादी पाठ असली तरी बरंच भागायचं. २०११ पासून ते प्रश्न काढून टाकले, आता शब्द येतो तो वाक्यातच, पण पोरं अजून यादीच घोकतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर आता माझी अडचण. कार्डांवर सगळीकडं "कमी बोलणारा" नको, छटा हवी. मी असं लावलंय: लॅकॉनिक म्हणजे मोजकं पण नेमकं बोलणारा, मितभाषी. (स्पार्टाचा मुलूख लॅकोनिया, तिथली माणसं थोडक्यात बोलण्यासाठी प्रसिद्ध, त्यावरून शब्द आला.) रेटिसेंट म्हणजे मनातलं बाहेर न काढणारा, हातचं राखून बोलणारा. टॅसिटर्न म्हणजे घुम्या. आणि गॅर्युलस म्हणजे बोलघेवडा. पटतंय का?

प्रतिसाद: घुम्या नको वाटतं. घुम्या म्हटलं की आतल्या गाठीचा, मनात काहीतरी शिजतंय असा वास येतो. टॅसिटर्न माणसात तसली लबाडी नसते, त्याचा स्वभावच न बोलण्याचा. अबोल बरा.

प्रतिसाद: अबोल ठीक, फक्त अबोला आणि अबोल यात गल्लत नको, अबोला भांडणानंतरचा असतो. आणि गॅर्युलसला बोलघेवडा कसं चालेल? बोलघेवड्या पोराचं आपण कौतुक करतो. गॅर्युलस माणूस नको तेवढं बोलतो, ऐकणारा कंटाळतो. तुमच्याच वाक्यात आभारप्रदर्शन उरकावं लागलंय की.

दोन्ही मान्य. गॅर्युलसला आता बडबड्या लिहितो. वाचाळसुद्धा सुचला होता पण वाचाळ म्हटलं की वाट्टेल ते बरळणारा डोळ्यासमोर येतो, इथं सर फक्त थांबेनात. हेच भाचीला सांगितलं तर ती म्हणाली की दोन उत्तरं निवडायच्या प्रश्नात पण असंच फसायला होतं, सहा पर्यायांत एक समानार्थी जोडी दिसते आणि हात तिकडंच जातो, ती जोडी वाक्यात बसते का हे बघायचंच राहतं. दोन्ही उत्तरं बरोबर आली तरच मार्क, एकाला अर्धा नाही. चुकलं तर कापत मात्र नाहीत, म्हणून कोरं काही सोडायचं नाही.

आता कार्डाच्या पुढं शब्द नाही, तिनं स्वतः केलेलं सोलापुरातलं वाक्य आणि रिकामी जागा. काल इक्विव्होकेटसाठी तिनं लिहिलं: चादरीचा रंग जाईल का विचारलं तर दुकानदार ____ करायला लागला, हो पण म्हणेना, नाही पण म्हणेना. मराठी शब्द विचारला तर म्हणाली, गुळमुळीत बोलणं. यापेक्षा नेमका कुणाला सुचत असेल तर सांगा, मला तरी सुचत नाही.