‘सजेस्ट’, ‘आर्ग्यू’ आणि ‘याउलट’ : प्रबंधाच्या इंग्रजीतील काही शब्दांविषयी

माझी भाची ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात एम.ए. करते आणि सध्या खाजन शेतीवरील, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीवरील, तिच्या लघुप्रबंधाचे काम चालू आहे. मागच्या रविवारी ती डिचोलीला आली, तेव्हा तिने मसुद्याचे चौथे प्रकरण माझ्यापुढे ठेवले आणि मार्गदर्शकांनी लाल शाईने गोल केलेला एक शब्द दाखवून विचारले, “मावशी, इथे ‘प्रूव्ह’ लिहिले तर बिघडले कुठे? सिद्ध झालेच आहे ना ते?” तिसवाडी तालुक्यातील दोन गावांच्या अकरा शेतकऱ्यांशी बोलून तिने लिहिले होते की बांधांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे खारे पाणी आत शिरले आणि जमीन पडीक झाली, हे या मुलाखतींवरून सिद्ध होते.

अकरा मुलाखतींवरून एवढेच ठरते की त्या अकरा जणांना तसे वाटते. जमिनीची क्षारता तिने मोजलेली नव्हती. मानशीच्या, म्हणजे बांधातील पाणी अडवणाऱ्या दाराच्या, फळ्या कधी कुजल्या आणि शेत कधी पडीक झाले, यांतले आधीचे कोणते, हेही तपासलेले नव्हते. म्हणून ‘प्रूव्ह’ काढून ‘द इंटरव्ह्यूज सजेस्ट दॅट’ असे लिहावे, असे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, “पण सजेस्ट म्हणजे सुचवणे ना? मुलाखती काय सुचवणार?”

अडचण नेमकी इथेच आहे. ‘सजेस्ट’ म्हणजे सुचवणे हा अर्थ आपण शाळेत शिकतो आणि तोच मनात घट्ट बसतो. संशोधनाच्या इंग्रजीत मात्र पुरावा स्वतःच वाक्याचा कर्ता होतो आणि तो काहीतरी ‘सजेस्ट’ करतो, ‘इंडिकेट’ करतो, ‘शो’ करतो किंवा ‘डेमॉन्स्ट्रेट’ करतो. मराठीत आपण ‘आकडेवारी सुचवते’ असे म्हणत नाही, ‘आकडेवारीवरून असे दिसते’ असे म्हणतो. शिवाय इंग्रजीतील ही क्रियापदे एकमेकांच्या जागी घालण्याजोगी नाहीत. ‘सजेस्ट’मध्ये पुरावा एका दिशेकडे बोट दाखवतो, ‘इंडिकेट’मध्ये ती दिशा अधिक स्पष्ट असते, ‘डेमॉन्स्ट्रेट’मध्ये शंकेला फारशी जागा उरत नाही, आणि ‘प्रूव्ह’ हा शब्द गणितासाठी व तर्कशास्त्रासाठी राखून ठेवावा, असा साधारण संकेत आहे.

हा विवेक मराठीला नवा नाही, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. सकाळी दार उघडल्यावर अंगण ओले दिसले, तर आपण ‘रात्री पाऊस पडला असेल’, ‘पडला असावा’ किंवा ‘पडलाच असणार’ असे म्हणतो. पहिल्यात केवळ शक्यता आहे, दुसऱ्यात समोरच्या खुणेवरून केलेले अनुमान आहे आणि तिसऱ्यात जवळजवळ खात्री आहे. इंग्रजीतील ‘मे हॅव’, ‘अपीअर्स टु हॅव’ आणि ‘मस्ट हॅव’ यांचे काम आपली क्रियापदाची रूपे फार सहजपणे करतात. भाचीला मी तिचे वाक्य आधी मराठीत म्हणायला सांगितले, तेव्हा ती आपसूक म्हणाली, “दुर्लक्षामुळे जमीन पडीक झाली असावी.” हे ‘असावी’ इंग्रजीत नेताना वाटेत गळून पडले होते.

‘आर्ग्यू’ची गोष्टही अशीच आहे. घरात ‘आर्ग्यू करू नकोस’ हे ऐकून ऐकून त्या शब्दाला भांडणाचा वास चिकटला आहे, त्यामुळे आदरणीय अभ्यासकाविषयी ‘ही आर्ग्यूज’ लिहायला विद्यार्थी कचरतात आणि त्याऐवजी ‘ही क्लेम्स’ लिहितात. प्रत्यक्षात उलटे आहे. ‘आर्ग्यू’ म्हणजे पुरावे व कारणे देऊन प्रतिपादन करणे. त्यात त्या अभ्यासकाचा मानच आहे. ‘क्लेम’मध्ये मात्र लिहिणारा स्वतःला किंचित दूर ठेवतो: त्यांचा तसा दावा आहे, मी त्याची हमी देत नाही. मराठीत हे अंतर आपण एका ‘म्हणे’ने दाखवतो. ‘हा बांध चारशे वर्षांचा आहे’ आणि ‘हा बांध म्हणे चारशे वर्षांचा आहे’ यांत जो फरक आहे, तो ध्यानात घेतला की ‘क्लेम’ कुठे वापरू नये हे कळते. (‘तुका म्हणे’मधले ‘म्हणे’ अर्थात वेगळे, ते जुन्या मराठीतील ‘म्हणतो’ आहे, ऐकीव माहितीची खूण नव्हे.)

तुकोबांचा विषय निघालाच आहे, तर काळाविषयीही लिहिते. सतराव्या शतकातील कवीविषयी बोलताना आपण ‘तुकाराम म्हणतात’ असे वर्तमानकाळात लिहितो. इंग्रजीत साहित्याच्या अभ्यासात, म्हणजे एमएलए शैलीत, हाच संकेत पाळतात. समाजशास्त्र व मानसशास्त्रात चालणाऱ्या एपीए शैलीत मात्र आधीच्या संशोधनाचा आढावा भूतकाळात किंवा पूर्ण वर्तमानकाळात घेतात. आपल्या विभागात कोणती शैली चालते हे विचारून घ्यावे आणि ती अखेरपर्यंत पाळावी.

मसुद्यात सर्वांत जास्त वेळ आम्ही ‘ऑन द कॉन्ट्ररी’वर घालवला. तिने लिहिले होते की गोव्याच्याच सासष्टी तालुक्यातील एका गावात बांध शाबूत आहेत; ‘ऑन द कॉन्ट्ररी’, तिसवाडीतील गावात ते फुटले आहेत. तिच्या मनात ‘याउलट’ होते आणि शब्दकोशात ‘याउलट’समोर तिला हेच मिळाले. मराठीत ‘याउलट’ आणि ‘उलट’ जवळजवळ ठेवलेले असल्यामुळे हा गोंधळ होतो. दोन गोष्टींतील विरोध शेजारी-शेजारी मांडायचा असेल, तर ते आपले ‘याउलट’ आणि इंग्रजीत ‘बाय कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘ऑन द अदर हँड’. आधीचे विधान खोडून काढायचे असेल, तर ते नुसते ‘उलट’: ‘ही जमीन पडीक नाही, उलट तिथे अजून कोरगुट (खाजनातला खारे पाणी सोसणारा भात) पिकतो.’ ‘ऑन द कॉन्ट्ररी’ची जागा फक्त या दुसऱ्या वाक्यात आहे. सासष्टीच्या वाक्यात ते घातले, तर सासष्टीविषयी आपणच केलेले विधान आपण मागे घेत आहोत, असा वाचणाऱ्याचा समज होतो.

‘सिन्स’ हा शब्दही जपून वापरावा, कारण तो ‘पासून’ आणि ‘कारण’ असे दोन्ही अर्थ वाहतो. गोव्याच्या 1964च्या कूळ कायद्याविषयीच्या वाक्यात ‘सिन्स’ लिहिले, तर कायद्यानंतर बांधांची व्यवस्था बदलली की कायद्यामुळे बदलली, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि खाजनाच्या अभ्यासात तर वादाचा मुख्य मुद्दाच तो आहे. अशा ठिकाणी ‘आफ्टर’ किंवा ‘बिकॉज ऑफ’ असे स्पष्ट लिहावे. ‘सिग्निफिकन्ट’ हा शब्दही जिथे संख्याशास्त्रीय चाचणी केलेली आहे तिथेच ठेवावा. नुसते ‘महत्त्वाचे’ म्हणायचे असेल तर ‘इम्पॉर्टन्ट’ पुरेसे आहे.

किरकोळ चुका पुष्कळ होत्या, पण त्या लवकर सुटल्या. ‘रिसर्च’ आणि ‘एव्हिडन्स’ यांचे अनेकवचन करू नये. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही; आपल्या ‘विषयी चर्चा’मुळे ते तिथे येऊन बसते. आपला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेवटी लोंबकळतो, तिथून तो काढावा. ‘हाउएव्हर’ने दोन पूर्ण वाक्ये जोडताना त्याच्या आधी स्वल्पविराम पुरत नाही, अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो.

आता माझा प्रश्न. विधानाला असा जपून आवर घालण्याला इंग्रजीत ‘हेजिंग’ म्हणतात. भाषाशास्त्रात ‘हेज’ ही संज्ञा जॉर्ज लॅकॉफ यांच्या 1972 सालच्या लेखापासून रूढ झाली. ‘हेज’ म्हणजे मुळात झाडाझुडपांचे कुंपण, आपल्याकडची वई. ‘सावध विधान’ हा प्रतिशब्द मला अपुरा वाटतो, कारण त्यात भित्रेपणाची छटा येते. वई भीतीपोटी घालत नाहीत, आपली जमीन कुठवर आहे हे दाखवण्यासाठी घालतात. आणि एकाच बांधावर दोन वया घालणेही बरे नव्हे, जसे ‘मे पॉसिब्ली’ लिहिणे बरे नव्हे. ‘विधानाला वई घालणे’ असे मराठीत लिहिले तर पेडणे, सत्तरीकडच्या वाचकांना ते लगेच उमगेल, असे मला वाटते. घाटावरच्या वाचकांना ते उमगेल का, की त्यांच्यासाठी दुसरा एखादा शब्द शोधावा लागेल?