प्रतिसाद: हट्टी कादंबऱ्या

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की आपल्याच विचित्र नियमाला शेवटपर्यंत हट्टाने धरून राहणाऱ्या कादंबऱ्यांत लेखक वाचकाला वाऱ्यावर सोडतो. मला तर तेच आवडतं. मेक्सिकन लेखक हुआन रुल्फोची ‘पेद्रो पारामो’ (१९५५) घ्या. मरणाऱ्या आईला शब्द दिलाय म्हणून मुलगा बापाला शोधत कोमाला या गावी येतो. गावात भेटतंय ते माणूस मेलेलं. निम्म्यात गोष्ट सांगणारा हा मुलगाही मरतो, आणि कादंबरी खुशाल थडग्यातून बोलत राहते! (रसभंग झाला असेल तर माफी, पण पुस्तक जुनं आहे.) कुठेही खुलासा नाही, ‘ते सगळं स्वप्न होतं’ असली पळवाट नाही. लेखक कच खात नाही, म्हणून आपणही मुकाट मागे जातो.

त्यात एक गंमत आहे: कोमालात इतकं उकडतं की तिथले मेलेले नरकात गेले तरी आपली चादर न्यायला परत येतात. मे महिन्यात, ४४ अंशांत हे वाचताना आम्हा सोलापूरकरांना वेगळं समजवावं लागत नाही. चादरीही आमच्याच!

असाच हट्ट फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकचा: त्याने अख्खी कादंबरी ‘e’ हे अक्षर न वापरता लिहिली, १९६९ साली. त्याला दाद देतो, पण जीव रुल्फोवरच.