प्रतिसाद: बोल्ट ढिले पडतात, टॉर्क वाढवू का?

भाऊ, एझेड९१डी या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या गिअरबॉक्स कव्हरचे पोलादी बोल्ट गरम चाचणीनंतर ढिले निघतात म्हणून टॉर्क (आवळण्याचा जोर) वाढवू नका, उलट नुकसान होईल. तापल्यावर मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून जास्त फुगतं, बोल्टच्या डोक्याखाली दाबलं जातं आणि साधारण १२० अंशांपुढे हळूहळू बसत जातं. थंड झालं की पकड गेलेली. दोष मिश्रधातूचा आहे: उष्णतेत टिकणारा एई४४ हा मॅग्नेशियम मिश्रधातू घ्या, ॲल्युमिनियमचे बोल्ट वापरा. बीएमडब्ल्यूच्या मॅग्नेशियम वापरलेल्या एन५२ इंजिनात बोल्ट ॲल्युमिनियमचेच आहेत.

आणखी एक, जळगावच्या पावसाळ्यात इनगॉट (वितळवायच्या मॅग्नेशियमच्या लाद्या) ओलसर राहतात. भट्टीत टाकण्याआधी १५० अंशांवर तापवून घ्याच. ओल आत गेली तर हायड्रोजन सुटून वितळलेला रस उसळतो. आग लागली तर पाणी अजिबात नको, धातूच्या आगीसाठीची कोरडी डी-वर्ग पावडर हाताशी ठेवा.