खेळाडू लगेच तलवार उपसतात, डोकं कसं चालवायला लावू?

म्हापशेकर_डीएम
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा कथाखेळ), पाचवी आवृत्ती (२०१४ चे नियम), मी डीएम म्हणजे खेळ चालवणारा, चार खेळाडू, तिसरी पातळी. गॉब्लिन (छोटा राक्षस) दिसला की इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईचा क्रम ठरवायचे फासे! कोडी घातली की जांभया. पुढचं सत्र खाजनात (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत) आहे: बांधाआड कोठार, तिथे १२ दरोडेखोर. काय बदलू?

जुना_फासा
आधी एक्सपी (अनुभवाचे गुण, त्यांवर पातळी वाढते) बघा. या नियमांत गॉब्लिन मारला की ५०. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक नियमांत तोच गॉब्लिन ५, आणि बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे १. साहजिकच तिथे मारामारी टाळून माल लांबवणं परवडतं. शत्रूला चुकवलं, फितवलं, गंडवलं तरी पूर्ण एक्सपी द्या. हे सत्राआधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

बांधावरचा
एकच उत्तर असलेलं कोडं नकोच. परिस्थिती मांडा, उत्तर तुम्हीही ठरवू नका. खाजन तर आयतंच आहे. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. भरतीच्या वेळी दारात ओंडका अडकवला तर खारं पाणी सरळ आत, कोठार चिखलात.

तीन गोष्टी फासा न टाकता सांगा: भरती कधी लागणार, दाराची एक फळी कुजलीय, पहारेकऱ्यांचं जेवण होडीतून येतं. बरेच डीएम हीच माहिती परसेप्शनमागे (निरीक्षणाच्या फाशामागे) लपवतात. फासा पडला नाही की विचार करायला हाताशी काही उरत नाही, मग तलवारच निघणार.

जुना_फासा
याला जोडून: चांगली युक्ती ऐकून वर डीसी (फाशाने गाठायचा आकडा) २० मागू नका. ती पटली तर सरळ चालू द्या. शंका असेल तेवढ्याच भागाला फासा, डीसी १० किंवा १५.

आणि दरोडेखोरांनी मरेपर्यंत का लढावं? जुना मोराल (धीराचा) नियम उचला: पहिला गडी पडला की आणि निम्मे पडले की २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे). मोराल ७ धरा. ८ किंवा जास्त आलं की पळ काढतात नाहीतर शरण येतात. म्हणजे प्रत्येक वेळी साधारण ४२ टक्के.

म्हापशेकर_डीएम
देव बरें करूं! पण बार्बेरियनवाला (दांडगा लढवय्या खेळणारा) कंटाळेल ना?

बांधावरचा
भरतीच्या लोंढ्यासमोर ते दार उघडं धरायला कोण लागणार? ॲथलेटिक्स (अंगबळाचा फासा), डीसी १५, दर फेरीला. बाकीचे तेवढ्यात ओंडका शोधतील.