गुच्छातल्या केसाळ हिरव्या फुग्यांचं झाड कोणतं?

भेट आलेल्या गुच्छातले जरबेरा, कार्नेशन, जिप्सोफिला ओळखता आले, पण एक फांदी अडली आहे. तिला लिंबापेक्षा मोठे, फिकट पोपटी, पोकळ फुगे आहेत. दाबले की दबतात, वर मऊ काट्यांसारखे केस. पानं कण्हेरीसारखी अरुंद, समोरासमोर. फूल एकही नाही. देठ कापला की रुईसारखा पांढरा चीक येतो. फुगा चिरला तर आत चपट्या बिया आणि रेशमी तंतू, म्हणजे रुईच्याच कुळातलं असावं. ॲपने कपाळफोडी सांगितलं, पण ती वेल, तिला चीक नसतो. फुलवाल्याकडे ‘फिलर’ (गुच्छ भरायला घातलेली फांदी) एवढंच उत्तर. घरात पानं कुरतडणारी मांजर आहे, त्यामुळे सध्या फांदी वेगळी काढून ठेवली आहे. हिचं नेमकं नाव काय, आणि चीक मांजराला विषारी आहे का?