घरी शिकणाऱ्या मुलांचं मन अभ्यासात टिकवायचं कसं: आधी समुद्र की आधी पुस्तक?

खाडीकाठची आई (गुहागर)
आमच्या दोन्ही मुली शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. घरशाळा करणाऱ्या बऱ्याच पालकांचं रडगाणं एकच असतं. पहिले काही महिने उत्साह, मग वह्या कोपऱ्यात. माझं स्पष्ट मत आहे की आपण घरात पुन्हा शाळाच मांडतो, म्हणून हे होतं. दहाला गणित, अकराला इतिहास, घंटा तेवढी वाजत नाही.

धाकटीला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ होईना. आमच्याकडचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. तिनं कालनिर्णयवर एकेका तिथीखाली वेळ लिहिली आणि जेटीवर जाऊन ताडून पाहायला लागली. वेळ नेमकी जुळेना, तेव्हा कारण शोधलं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे ४५. रोजची पाच मिनिटं पंधरवड्यात साठली तर सव्वा तास होतो, हे तिनं स्वतः मांडून दाखवलं. पाऊणकी त्यातच पाठ झाली. मुलाला स्वतःचा प्रश्न पडू दे, पुस्तक मागून येऊ दे.

निवृत्त गुरुजी (संगमेश्वर)
ताई, भरतीचा हिशोब उत्तम. पण पुढे काय? (अ + ब) चा वर्ग कुठल्या जेटीवर भेटणार? आवडीवर चाललेला अभ्यास आवड संपते तिथे थांबतो. माझ्याकडे घरी शिकलेली काही मुलं येतात. पक्षी ओळखतात, कातळशिल्पांवर बोलतात, आणि तीन अंकी भागाकारात अडतात. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नं मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलंय, हेही नव्या पालकांनी ध्यानात घ्यावं. माझा आग्रह एवढाच : सकाळी तासभर पाढे, शुद्धलेखन, एक उतारा. आवडो न आवडो, रोज. बैठक जमली की गोडी मागाहून लागते.

खाडीकाठची आई
गुरुजी, "आवडो न आवडो" वर्गात चालतं, कारण शेजारची मुलंही तेच करत असतात. घरात एकटं मूल आणि समोर आई. तिथली सक्ती वहीपुरती राहत नाही, जेवणाच्या ताटापर्यंत येते. ज्यांनी ती रोजची भांडणं पाहिलीत त्यांना कळेल.
आणि बीजगणिताचं म्हणाल, तर कुठलीही तिथी असो, वेळ काढायची तर तिथीच्या जागी एक अक्षर लिहा. झालं की समीकरण.

निवृत्त गुरुजी
मग तिला उलटं विचारा. भरती नऊला आली, तिथी कोणती? नऊ भागिले पाऊण तिला कागदावर मांडून सोडवता आलं, नुसतं कालनिर्णय बघून नव्हे, तर मी मानेन. आणि तशी वीस गणितं सोडवायला बसली तर जास्त मानेन. सराव हा शब्द तुमच्या बोलण्यात अजून आलेला नाही.

रापणकर (मालवण)
ताईनू, माझो झील शाळेत जाता, सुट्टीत रापणीर, म्हणजे किनाऱ्यावरसून ओढूच्या मोठ्या जाळ्यार, येता. माशांचे वाटे घालताना हिशोब तोच करता, कारण चुकलो तर सांगूक आजूबाजूक धा जण आसत. तुमच्या चेडवाचो हिशोब कोण तपासता? आवस. पोरांका पोरां व्हयी. रापण एकट्यान ओढूक जमणा नाय, तसाच ह्या.

दापोलीचा बाबा
रापणकरदादांशी शंभर टक्के सहमत. आणि खाडीकाठच्या ताईंशी एका गोष्टीत ठाम असहमत. प्रत्येक गोष्टीचा धडा केला की मुलाचा रस मरतो. आम्ही कशेळीचं कातळशिल्प बघायला गेलो होतो. तो कातळावर कोरलेला प्रचंड हत्ती, त्याच्या पोटात नि भोवती कोरलेले मासे, पक्षी, प्राणी. मी टेप काढली, आलेख कागद काढला, एक मीटरला एक सेंटिमीटर धरून प्रमाणात चित्र काढू म्हटलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आज नुसतं बघूया ना." टेप पिशवीत गेली. घरी आल्यावर काही दिवसांनी कागद त्यानंच मागितला.
गुरुजींची बैठक हवीच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसायला वय १४ पूर्ण लागतं, तोवर लिहिण्याचा सराव नसेल तर तीन तासांचा पेपर झेपत नाही. पण बैठक वेगळी आणि भटकणं वेगळं. दोन्ही एकमेकांत कालवू नका.

खाडीकाठची आई
सोबतीचं दादांचं म्हणणं खरं आहे. वाडीतली मुलं शाळा सुटल्यावर आमच्याकडे येतात, पण ती दमून, तेवढ्यानं भागत नाही. दापोलीकर, तुमचं मात्र पटत नाही. मी विचारलंच नाही तर मूल शिकलं की नुसतं फिरलं, हे कळणार कसं?

दापोलीचा बाबा
रोज कळायला हवं, हा हट्ट शाळेचा आहे ताई. शाळेला वर्गातल्या सगळ्यांचा हिशोब द्यायचा असतो, तुम्हाला तो कुणाला द्यायचाय? आम्ही बुधवार मोकळा ठेवलाय, रविवारी किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी असते म्हणून. त्या दिवशी काहीही विचारायचं नाही, फोटोसुद्धा काढायचे नाहीत. बाकीच्या दिवशी सकाळी गुरुजी सांगतात तसा तास. महिनाभर करून बघा आणि इथेच लिहा, पटलं नाही तर तसंही लिहा.